विदित अंताची कथा : 'टायटॅनिक'चे पुनर्दर्शन

ज्या कथेचा शेवट चित्रगृहात शिरण्यापूर्वीच प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असतो, जी नौका बुडणार याविषयी लहान मुलाच्या मनातही संदेह उरलेला नसतो, आणि जी कथा घरोघरच्या दूरचित्रवाणीवर अनेकवार येऊन गेलेली असते, ती कथा पाव शतकानंतर पुन्हा चित्रगृहात यावी आणि लोकांनी तिकिटे काढून ती पाहावयास जावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जेम्स कॅमेरून यांचा 'टायटॅनिक' हा चित्रपट १९ डिसेंबर १९९७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. मूळ दुर्घटनेला शंभर वर्षे होत होती त्या एप्रिल २०१२ मध्ये तो त्रिमिती स्वरूपात परत आला, आणि चित्रपटाच्या पंचविशीच्या निमित्ताने १० फेब्रुवारी २०२३ रोजी अधिक सुस्पष्ट प्रतिमांसह पुनश्च जगभरच्या पडद्यांवर झळकला. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी जे विशीत होते ते आता पन्नाशीकडे झुकले आहेत, आणि जे त्या वेळी जन्मलेही नव्हते ते त्यांच्या शेजारच्या आसनांवर बसून तीच नौका बुडताना पाहतात. विस्मयाचा लवलेशही न उरलेल्या या कथेपाशी माणसे पुन्हा पुन्हा का जातात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दर्शनात तिच्यातून त्यांना काय लाभते, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ घटनेकडे वळू. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ या कारखान्यात, व्हाइट स्टार लाइन या कंपनीसाठी बांधलेली ही आगबोट ८८२ फूट ९ इंच लांबीची असून त्या काळच्या तरत्या यानांमध्ये सर्वांत मोठी होती. १० एप्रिल १९१२ रोजी इंग्लंडमधील साउथॅम्प्टनहून ती न्यूयॉर्कच्या पहिल्याच सफरीवर निघाली. फ्रान्समधील शेरबुर्ग आणि आयर्लंडमधील क्वीन्सटाउन या बंदरांत उतारू घेऊन तिने अटलांटिकची वाट धरली. १४ एप्रिल रोजी आसपासच्या जहाजांकडून हिमनगांची सूचना देणारे बिनतारी संदेश वारंवार येत असताही तिचा वेग मंदावला नाही, आणि रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी तिच्या उजव्या कुशीवर हिमनगाचा आघात झाला. पुढचे चार कप्पे पाण्याने भरले तरी तरंगत राहावी अशी तिची रचना होती. परंतु पाणी त्याहून अधिक कप्प्यांत शिरल्यामुळे तिचे बुडणे हा केवळ वेळेचा प्रश्न उरला. दोन तास चाळीस मिनिटांनी, म्हणजे १५ एप्रिलच्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी, ती अदृश्य झाली. नौकेवर सुमारे २,२०० माणसे होती. त्यांपैकी सुमारे १,५०० माणसे प्राणास मुकली, आणि पाण्याचे तापमान गोठणबिंदूच्याही खाली असल्यामुळे त्यांतील बहुसंख्य लोक बुडून नव्हे तर थंडीने मेले.

नौकेवर प्राणरक्षक होड्या अवघ्या २० होत्या आणि त्यांत १,१७८ माणसांचीच सोय होती. हा कायद्याचा भंग नव्हता, ही गोष्ट आजच्या वाचकाने विशेष लक्षात घेतली पाहिजे. ब्रिटिश व्यापारमंडळाचे नियम १८९४ सालचे होते आणि त्यांत दहा हजार टनांपेक्षा मोठ्या जहाजांसाठी १६ होड्यांची किमान मर्यादा घालून देण्यात आली होती. जहाजे चाळीस-पंचेचाळीस हजार टनांपर्यंत वाढली, पण कायद्याचे कलम जागचे हलले नाही. नियमाच्या चौकटीत चोख बसणारा हलगर्जीपणा किती घातक असू शकतो याचे इतके भीषण उदाहरण नौकानयनाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

या घटनेने चित्रपटसृष्टीला अगदी प्रारंभापासून आकर्षित केले. दुर्घटनेतून वाचलेली अभिनेत्री डोरोथी गिब्सन हिने महिन्याभराच्या आत स्वतःच एका मूकपटात काम केले. तो मूकपट आज उपलब्ध नाही. १९४३ मध्ये नाझी जर्मनीने ब्रिटनविरुद्ध प्रचारासाठी याच विषयावर चित्रपट काढला, तर १९५३ मध्ये हॉलिवूडने एका दुभंगलेल्या कुटुंबाची कथा या नौकेवर चढविली. पुढे वॉल्टर लॉर्ड यांनी वाचलेल्या अनेक उतारूंना भेटून १९५५ मध्ये 'ए नाइट टू रिमेंबर' हा ग्रंथ लिहिला, आणि त्यावर आधारलेला रॉय वॉर्ड बेकर यांचा ब्रिटिश चित्रपट १९५८ मध्ये आला. संयम आणि प्रामाणिकपणा या गुणांमुळे तो आजही आदरास पात्र आहे. तथापि त्या चित्रपटात नौका अखंड स्वरूपातच बुडते, कारण दुर्घटनेनंतरच्या ब्रिटिश चौकशीचा निष्कर्ष तसा होता. नौका आपल्या डोळ्यांदेखत दुभंगली असे जॅक थेयर यांच्यासारखे वाचलेले लोक सांगत होते, परंतु त्यांच्या जबानीवर कुणी इतबार ठेवला नाही. १ सप्टेंबर १९८५ रोजी रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या पथकाला सुमारे ३,८०० मीटर खोलीवर नौकेचे अवशेष सापडले तेव्हा तिचे दोन तुकडे परस्परांपासून दूर पडलेले आढळले, आणि त्या साक्षीदारांचे म्हणणे त्र्याहत्तर वर्षांनी खरे ठरले.

कॅमेरून यांच्या चित्रपटाचा उगम या शोधात आहे. १९९५ मध्ये ते रशियन संशोधननौका 'केल्डिश' आणि तिच्यावरील 'मीर' या पाणबुड्यांच्या साहाय्याने त्या अवशेषांपर्यंत अनेक वेळा उतरले, आणि त्या खोलीतील काळोखात त्यांनी टिपलेली दृश्ये चित्रपटाच्या आरंभी आपण पाहतो. तेथे दिसणारी नाळ, तिच्यावर साचलेले गंजाचे थर, झिजलेले कठडे, हे सर्व खरे आहे. आणि या खऱ्यावरून कल्पिताकडे कथा ज्या रीतीने सरकते त्या रीतीतच दिग्दर्शकाचे कौशल्य प्रथम प्रत्ययास येते.

आपल्या संस्कृत नाट्यशास्त्रकारांनी कथावस्तूचे तीन प्रकार मानले आहेत: इतिहास-पुराणांतून घेतलेली ती प्रख्यात, कवीने स्वतः रचलेली ती उत्पाद्य, आणि दोहोंच्या संयोगाने सिद्ध झालेली ती मिश्र. 'टायटॅनिक' ही मिश्र वस्तू होय. नौका, हिमनग, कप्तान स्मिथ, नौकेचे रचनाकार टॉमस अँड्र्यूज, कंपनीचे चालक ब्रूस इस्मे, वाद्यवृंदाचे प्रमुख वॉलेस हार्टली ही प्रख्यात सामग्री. तर रोझ डिविट ब्युकेटर ही सतरा वर्षांची तरुणी, तिसऱ्या वर्गातून प्रवास करणारा जॅक डॉसन हा चित्रकार, तिचा गर्विष्ठ वाग्दत्त वर कॅल हॉक्ली आणि 'समुद्राचे हृदय' नावाचा निळा हिरा ही उत्पाद्य. मिश्र वस्तूची कसोटी अशी की कल्पिताने ख्याताला झाकून टाकता कामा नये. या कसोटीवर चित्रपट कितपत उतरतो?

पहिल्या वेळी चित्रपट पाहताना आपले लक्ष स्वाभाविकच त्या दोन प्रेमिकांवर खिळलेले असते, आणि नौका ही त्यांच्या प्रीतीची पार्श्वभूमी वाटते. दुसऱ्या वेळी दृष्टी पालटते आणि ही प्रेमकथाच नौका दाखविण्यासाठी हाती धरलेली दिवटी आहे असे दिसू लागते. विचार करा: पहिल्या वर्गातील उतारूने तिसऱ्या वर्गाच्या भागात जाण्याचे काही कारण नव्हते, आणि तिसऱ्या वर्गातील माणसाला वरच्या भोजनगृहात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, भट्ट्यांपुढे राबणाऱ्या मजुरांशी तर दोघांचाही संबंध येण्यासारखा नव्हता. इतिहासलेखकाला या तिन्ही जगांचे वर्णन स्वतंत्र प्रकरणांत करावे लागते. परंतु एक श्रीमंत मुलगी आणि एक निर्धन मुलगा परस्परांत गुंतले की तो वरच्या मजल्यावर भोजनास येतो, ती खालच्या मजल्यावर नाचावयास जाते, पाठलाग चुकवीत दोघे भट्ट्यांच्या धगीतून धावतात आणि मालाच्या कोठारात शिरतात; आणि पुढे नौकेत पाणी भरू लागल्यावर बेड्या घातलेल्या जॅकला सोडविण्यासाठी रोझ पुन्हा त्याच वाटांनी खाली उतरते, तेव्हा कोणता जिना कोठे जातो आणि कोणते दार कोणासाठी बंद आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक झालेले असते. भूगोल असा अंगवळणी पडलेला असल्यामुळे संकटाच्या वेळी एकाही दृश्याचे स्पष्टीकरण करावे लागत नाही.

याच कौशल्याचा दुसरा नमुना म्हणजे चित्रपटाच्या आरंभीच येणारे बुडण्याचे संगणकचित्र. अवशेषांत हिरा शोधणाऱ्या पथकातील एक तरुण शंभरी गाठलेल्या वृद्ध रोझला, नौकेत पाणी कसे भरले, नाळ कशी खाली गेली, पिछाडी कशी वर उचलली गेली आणि मधून नौका कशी मोडली, हे यांत्रिक तटस्थतेने दाखवितो. आणि ती शांतपणे त्याला सूचित करते की तो प्रसंग अनुभवणे ही फार निराळी गोष्ट होती. या दोन-तीन मिनिटांत दिग्दर्शकाने यंत्रशास्त्राचा सगळा भाग उरकून घेतला आहे. दोन तासांनंतर ती पिछाडी खरोखर उचलली जाऊ लागते तेव्हा प्रेक्षकाची बुद्धी निश्चिंत असते आणि त्याचे संपूर्ण अंतःकरण माणसांसाठी मोकळे असते. बुडालेल्या संपत्तीचा शोध घेणारे ते पथक आणि बुडालेल्या माणसांची आठवण बाळगणारी ती वृद्धा यांच्यातील विरोध हा चित्रपटाचा खरा विषय आहे, आणि ती भूमिका करणाऱ्या ग्लोरिया स्ट्युअर्ट यांनी वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी ऑस्करचे नामांकन मिळवावे हे त्या विषयाला साजेसेच होते.

निर्मितीची हकिकतही मोठी उद्बोधक आहे. मेक्सिकोतील रोसारितो येथे समुद्रकाठी एक नवा चित्रनिर्मितीचा तळ उभारून तेथील विशाल हौदात नौकेची जवळजवळ पूर्णाकृती प्रतिकृती बांधण्यात आली. ही प्रतिकृती उजव्या बाजूनेच पुरी केलेली होती. पण साउथॅम्प्टनच्या धक्क्याला खरी नौका डाव्या बाजूने लागलेली होती. यावर तोडगा म्हणून प्रस्थानाचे प्रसंग उलटे चित्रित करण्यात आले: पाट्यांवरील अक्षरे उलटी रंगविली, वस्त्रे आणि केस यांचीही बाजू पालटली, आणि शेवटी चित्रच आरशातल्या बिंबाप्रमाणे फिरविले. भव्य जिन्यावर पाणी कोसळते ते दृश्य म्हणजे खरोखरच एका सुंदर लाकडी बांधकामाचा नाश होता, आणि तो पुनः पुनः करता येण्यासारखा नव्हता. रोझचे रेखाचित्र काढताना जे हात दिसतात ते स्वतः कॅमेरून यांचे आहेत. खर्च सुमारे २० कोटी डॉलरांवर गेला, म्हणजे तोवरच्या कोणत्याही चित्रपटाहून अधिक. जुलै १९९७ चा मुहूर्त हुकून तो डिसेंबरावर गेला, दिग्दर्शकाने आपल्या मानधनावर पाणी सोडले, आणि ही दुसरी नौकाही बुडणार असे भाकीत वृत्तपत्रांतून होऊ लागले.

प्रत्यक्षात अमेरिकेत पंधरा आठवडे लागोपाठ हा चित्रपट उत्पन्नाच्या अग्रस्थानी राहिला, एक अब्ज डॉलरांचा पल्ला ओलांडणारा पहिला चित्रपट ठरला, आणि चौदा नामांकनांपैकी अकरा ऑस्कर पारितोषिके मिळवून त्याने 'बेन-हर' या १९५९ च्या चित्रपटाची बरोबरी केली. या अकरांत अभिनयाचे एकही पारितोषिक नव्हते आणि पटकथेला तर नामांकनही नव्हते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. संवाद अनेक ठिकाणी सपाट आहेत, आणि कॅल हॉक्लीच्या स्वभावात दुष्टपणाखेरीज दुसरी छटा नाही. केट विन्स्लेट यांच्या अभिनयातील धीट उत्कटता आणि लिओनार्डो डिकॅप्रिओ यांचा निर्व्याज उल्हास नसता तर या उणिवा अधिक जाणवल्या असत्या. परंतु चित्रपट शब्दांच्या बळावर उभा नाही. तो स्थळ, गती, ध्वनी आणि प्रमाण यांच्या बळावर उभा आहे.

या सामर्थ्याचा सर्वांत गंभीर उपयोग वर्गभेदाच्या चित्रणात झाला आहे. लॉर्ड मर्सी यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश चौकशीने जे आकडे नमूद केले ते असे: पहिल्या वर्गातील ३२५ उतारूंपैकी २०३ वाचले, दुसऱ्या वर्गातील २८५ पैकी ११८, आणि तिसऱ्या वर्गातील ७०६ पैकी केवळ १७८. पहिल्या वर्गातील १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गातील १६५ पैकी ७६. स्त्रियांना आणि मुलांना आधी उतरवावे हा हुकूम सर्वांसाठी एक होता, पण होड्या वरच्या मजल्यावर होत्या आणि तिसरा वर्ग नौकेच्या तळाशी, वेड्यावाकड्या वाटांच्या टोकाशी होता. अमेरिकेच्या स्थलांतरविषयक कायद्यांमुळे तिसऱ्या वर्गाचे उतारू इतरांपासून वेगळे ठेवण्याचा शिरस्ताही होता. मर्सी यांनी भेदभाव झाला नाही असा निर्णय दिला. परंतु त्या चौकशीत तिसऱ्या वर्गाच्या एकाही उतारूची जबानी घेण्यात आली नव्हती. अमेरिकन सिनेटच्या चौकशीत मात्र डॅनिएल बकली या आयरिश तरुणाने सांगितले की जिन्याच्या तोंडाशी एका खलाशाने फाटक लावून घेतले आणि उतारूंनी ते तोडून वाट काढली. चित्रपटातील छतापर्यंत भिडलेल्या लोखंडी जाळ्यांना पुरेसा आधार नाही, असे अभ्यासक म्हणतात व ते योग्य आहे. तरीही फाटक तोडून वर येणाऱ्या माणसांचे ते दृश्य निराधार म्हणता येणार नाही. चौकशीच्या दप्तरात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना पडद्यावर जागा मिळाली, याचे मोल मला मोठे वाटते.

पुनर्दर्शनात डोळ्यांना जे नव्याने दिसते ते बहुतांशी याच कडेच्या माणसांचे जीवित आहे. आपल्या दोन मुलांना झोपविण्यासाठी गोष्ट सांगत बसलेली तिसऱ्या वर्गातील आई. पाणी आत शिरत असता शय्येवर परस्परांना कवटाळून पडलेले वृद्ध दांपत्य. धूम्रपानगृहात घड्याळाचे काटे नीट करणारे अँड्र्यूज. ते वृद्ध दांपत्य म्हणजे इसिडोर आणि आयडा स्ट्राउस. न्यूयॉर्कमधील 'मेसीज' या विख्यात दुकानाचे इसिडोर हे सहमालक असून, पतीला सोडून होडीत बसण्यास आयडा यांनी नकार दिला होता आणि दोघांना लोकांनी अखेरचे डेकवर एकत्र पाहिले होते. उचललेल्या पिछाडीच्या कठड्यावर रोझ आणि जॅक यांच्या शेजारी जो मनुष्य दिसतो तो मुख्य पाववाला चार्ल्स जॉकिन. तो वाचला आणि पुढे त्याने चौकशीत साक्षही दिली. वाद्यवृंदातील आठही वादक बुडाले. प्रेमकथेच्या ओघात पहिल्या वेळी हे सारे निसटून जाते. नंतर तेच मनात घर करते.

शेवट माहीत असणे हे रसास्वादाला बाधक आहे अशी आजकाल एक समजूत आहे, परंतु ती येथे खरी ठरत नाही. भरतमुनींनी विप्रलंभ शृंगार आणि करुण यांतील भेद फार मार्मिकपणे सांगितला आहे: विप्रलंभात पुनर्मीलनाची अपेक्षा जिवंत असते, करुणात ती समूळ नष्ट झालेली असते. 'टायटॅनिक' प्रथमच पाहणाऱ्याला जॅक वाचेल अशी आशा वाटत असते, म्हणून त्याच्यापुरता हा बराच काळ विप्रलंभ राहतो. पुन्हा पाहणाऱ्याच्या मनात ती आशा उरलेली नसते. त्यामुळे नाळेवर हात पसरून उभ्या असलेल्या त्या दोघांच्या आनंदाचा क्षणसुद्धा, आणि साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर हात हलविणाऱ्या प्रत्येक अनाम उतारूचे हास्यसुद्धा, त्याला करुणाने भारलेले दिसते. पहिल्या दर्शनात करुण रस शेवटच्या तासात येतो. पुनर्दर्शनात तो पहिल्या दृश्यापासून सर्वत्र व्यापून असतो. रामकथा किंवा कर्णकथा शतकानुशतके ऐकत आलेल्या समाजाला हे सत्य निराळे सांगण्याची गरज नाही.

आता चित्रपटाच्या एका खऱ्या दोषाविषयी लिहिणे माझे कर्तव्य आहे. फर्स्ट ऑफिसर विल्यम मर्डॉक या वास्तवातील अधिकाऱ्याला चित्रपटात लाच स्वीकारताना, गर्दीवर गोळी झाडताना आणि नंतर आत्महत्या करताना दाखविले आहे. कुणा अधिकाऱ्याने गोळी झाडून घेतल्याच्या कथा त्या काळी प्रसृत झाल्या होत्या, परंतु तो मर्डॉक होता याला निर्णायक पुरावा नाही. उलट अनेक होड्या भरून उतरविण्यात त्याने शर्थ केली हे साक्षीपुराव्यावरून दिसते. स्कॉटलंडमधील डॅलबीटी या त्याच्या गावच्या लोकांना आणि नातलगांना हे चित्रण जिव्हारी लागले. १९९८ मध्ये चित्रसंस्थेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्या गावी जाऊन क्षमा मागितली आणि तेथील शाळेतील मर्डॉक स्मृतिपारितोषिकासाठी पाच हजार पौंड दिले. परंतु पुनःप्रदर्शनांतही ते प्रसंग तसेच राहिले. कल्पित पात्रांच्या बाबतीत लेखक स्वतंत्र असतो. ज्याचे नाव खऱ्या शिलेवर कोरलेले आहे त्याच्या बाबतीत नसतो. मिश्र वस्तूच्या कसोटीवर हा चित्रपट घसरला आहे तो येथे.

पुनःप्रदर्शनासाठी झालेल्या कामात मात्र दिग्दर्शकाची तथ्यनिष्ठा दिसते. २०१२ च्या त्रिमिती रूपांतराला साठ आठवडे आणि १ कोटी ८० लाख डॉलर लागले, कारण मूळ सपाट चित्रातील प्रत्येक वस्तूची खोली निराळी ठरवून द्यावी लागते. त्याच वेळी आणखी एक दुरुस्ती झाली: बुडण्याच्या रात्री रोझच्या डोळ्यांसमोरचे तारांगण चुकीचे आहे हे खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी निदर्शनास आणले होते, आणि कॅमेरून यांनी त्या स्थळीचे आणि त्या घटकेचे खरे आकाश तेथे बसविले. घरच्या पडद्यावर हा फरक कुणाच्या लक्षात येण्यासारखा नाही. किंबहुना, घरच्या पडद्यावर या चित्रपटाचे मर्मच हरपते. बुडत्या नौकेचे दूरवरून घेतलेले ते एक दृश्य आठवा: अथांग काळोखात झगमगणारी इवलीशी नौका आणि तिने आकाशात सोडलेला प्रकाशबाण. छोट्या चौकटीत काळोखही छोटा होतो. मोठ्या पडद्यावर तो काळोख प्रेक्षकाला वेढून टाकतो, आणि ज्या नौकेची भव्यता आपण दोन तास पाहिली ती किती क्षुद्र होती हे शब्दावाचून कळते. त्रिमितीचा चष्मा नसला तरी चालेल, मोठा पडदा हवा, असे माझे मत आहे.

या चित्रपटाकडे मराठी वाचकाने पाहावे याला एक जवळचे कारणही आहे. नागपूर ज्याची राजधानी होते त्या मध्यप्रांतातील जांजगीर येथे ॲनी फंक ही अमेरिकन मेनोनाइट मिशनरी मुलींची शाळा चालवीत असे. आईच्या आजाराची तार आल्यामुळे ती मुंबईला आली, येथून 'पर्शिया' या आगबोटीने युरोपला गेली, आणि इंग्लंडमधील कोळसा-संपामुळे तिची ठरलेली बोट रद्द झाल्याने दुसऱ्या वर्गाचे तिकीट काढून 'टायटॅनिक'वर चढली. १२ एप्रिल रोजी तिचा अडतिसावा वाढदिवस होता. तीन दिवसांनी ती बुडाली. होडीतील आपली जागा तिने दुसऱ्या स्त्रीला दिली असे सांगितले जाते. त्याच नौकेवर आंध्रातील गुंटूर येथे जन्मलेली रूथ बेकर ही बारा वर्षांची मुलगी होती. तिचे वडील तेथे मिशनरी होते, आणि धाकट्या भावाच्या प्रकृतीसाठी आई मुलांना घेऊन अमेरिकेस निघाली होती. गर्दीत आईपासून ताटातूट होऊन रूथ निराळ्या होडीत बसली, सुदैवाने सारे कुटुंब वाचले, आणि पुढे कित्येक वर्षे तिने त्या रात्रीविषयी मौन पाळले. चित्रपटात यांपैकी कुणीही नाही. पण रोझने जन्मभर जे मनात ठेवले ते खऱ्या रूथसारख्यांनीही ठेवले होते.

वाचलेल्यांपैकी अखेरची व्यक्ती मिलव्हिना डीन ३१ मे २००९ रोजी वारली. नौका बुडाली तेव्हा ती काही आठवड्यांची होती आणि तिचे वडील त्या रात्री गेले. १९५८ च्या चित्रपटाने अस्वस्थ झाल्यामुळे कॅमेरून यांचा चित्रपट पाहण्यास तिने नकार दिला होता, आणि तिच्या उतारवयात शुश्रूषागृहाच्या खर्चाला डिकॅप्रिओ, विन्स्लेट आणि कॅमेरून यांनी हातभार लावला. आता साक्षीदार कुणी उरलेला नाही. उरले आहेत ते दस्तऐवज, अवशेष आणि चित्रपट. म्हणून चित्रपटाची जबाबदारी वाढली आहे, आणि प्रेक्षकाचीही.

दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये लंडन येथे समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. नौकेवरील प्रत्येक माणसासाठी होडीत जागा, बिनतारी यंत्रावर अखंड पहारा आणि उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांवर नजर ठेवणारी गस्त, असा बंदोबस्त त्यातून सिद्ध झाला. तरीही २०२३ च्या पुनःप्रदर्शनानंतर चारच महिन्यांनी, १८ जून रोजी, 'टायटन' नावाची पाणबुडी त्याच अवशेषांकडे जात असता दाबाने चुरडली जाऊन पाच माणसे मृत्युमुखी पडली. त्या यानाच्या सुरक्षिततेविषयी जाणकारांनी पूर्वीच सावध केले होते. इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करण्याची मानवी प्रवृत्ती १९१२ मध्ये संपली नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

माझा निर्णय असा आहे: 'टायटॅनिक' हा निर्दोष चित्रपट नव्हे, त्याचे संवाद सामान्य आहेत, त्याचा खलपुरुष एकरंगी आहे, आणि एका खऱ्या माणसावर त्याने अन्याय केला आहे. तथापि कल्पित प्रेमाच्या साहाय्याने एका खऱ्या नौकेचे सर्व मजले, तिच्यावरील विषमता आणि तिच्यावर मेलेल्यांचे माणूसपण लक्षावधी लोकांपुढे उभे करण्याचे जे कार्य कोणत्याही अहवालाला साधले नाही, ते त्याने साधले. हा चित्रपट पुन्हा कधी चित्रगृहात आला तर तो तेथेच पाहावा, घरातील तरुण मंडळींना सोबत न्यावे, आणि दोन्ही प्रेमिकांवरून दृष्टी काढून त्यांच्या मागून धावणाऱ्या माणसांकडे पाहावे, एवढेच वाचकांना सांगणे आहे. तिसऱ्या वर्गातील त्या ७०६ उतारूंपैकी ५२८ परत आले नाहीत.